कोरीटला जोडीदार आणायला

सुरतेहून गाडी सुटली तेव्हा माझ्या तोंडात दोनच नावं होती आणि दोन्ही शिव्यांसकट. एक आमच्या शेठचं, दुसरं सुपडूचं. शेठनं मला बजावलं होतं, जोडीदाराला घेऊन ये, नाहीतर तूही परत येऊ नकोस. आणि सुपडूनं एका कापसाच्या दलालाबरोबर निरोप धाडला होता, की मी आता गावातच राहणार, तू दुसरा माणूस बघ. दुसरा माणूस बघ म्हणे! माणूस म्हणजे काय बाजारातला बैल आहे, की एक गेला तर दुसरा दावणीला बांधला?

आमच्या कृष्णाकाठच्या मंडळींना माझा धंदा अजून नीटसा कळलेला नाही. आईला तर मी सर्कशीत आहे असंच वाटतं. म्हणून आधी ते सांगून टाकतो. आमची कुस्ती मातीत होत नाही. फळ्यांचा चौथरा मांडतात, वर गादी आणि कापड अंथरतात, भोवती दोर ताणतात. एका बाजूला दोन पहिलवान, दुसऱ्या बाजूला दोन. लढायचं मात्र एकेकानंच. दुसऱ्यानं दोराबाहेर उभं राहायचं. आतला दमला, अडचणीत आला, की त्यानं हात पसरायचा. बाहेरच्यानं त्या तळव्यावर ठोका द्यायचा आणि आत उडी घ्यायची. असा सुपडूचा हात पसरला रे पसरला की मी ठोका देत होतो. कितीतरी वर्षं, कराचीपासून हैदराबादपर्यंत. विचार करायला वेळच नसायचा. झोपेत डास मारतो तसा माझा हात आपोआप जायचा.

शेठच्या जाहिरातीवर आमचं नाव मोठ्या अक्षरात असे: 'अजिंक्य जोडी'. आता अजिंक्य कसे, तेही सांगतो. कुणी पडायचं आणि कधी पडायचं हे शेठ सकाळी चहा पिताना ठरवायचा, आणि आम्ही पडायचं नाही असा त्याचा हुकूम होता. मार मात्र खरा असायचा. एकदा चौथऱ्याची फळी मोडली आणि सुपडूचा डावा खांदा उखळीतून निघाला. हाडवैद्यानं बसवला, पण तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. हे शेठला कळलं असतं तर त्यानं सुपडूला दुसऱ्या दिवशी हाकललं असतं. म्हणून आम्ही दोघांनी ते लपवलं. खांद्यात कळ आली की सुपडू हात पसरायचा आणि मी आत जायचो. लोकांना वाटायचं, काय जोडी आहे! जोडी कसली, एका खांद्याची राखण होती ती.

बारडोली गेली, व्यारा गेलं. नवापूर जवळ आलं तशी दोन्ही बाजूंना सागाची झाडी सुरू झाली आणि गाडी अशी रमतगमत चालली की मला खाली उतरून ढकलावीशी वाटली. समोरच्या बाकावर काळी टोपी घातलेले एक कापसाचे दलाल बसले होते. त्यांनी माझ्या चुरगळलेल्या कानांकडे पाहिलं आणि विचारलं, पहिलवान का? मी मान डोलावली. मग त्यांनी अगदी सहज, पान लावता लावता विचारलं, "मातीतले, की दोरातले?"

मी म्हटलं, दोरातला. त्यांनी पान तोंडात टाकलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्या न विचारण्याचा मला इतका राग आला की नंदुरबारपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसलो.

नंदुरबार स्टेशनबाहेर कापसाच्या गाड्यांची ही रांग लागलेली. पौषाचे दिवस होते. सरकी काढायच्या जिनकडे जाणाऱ्या गाड्यांमधून कापूस उडून रस्त्याकडेच्या बाभळींना लटकला होता. एका खाणावळीत जेवलो. हिरव्या वांग्यांचं भरीत, वर कच्च्या कांद्याची पात, आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). तिखट असं की डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारी बाई म्हणाली, रडू नका भाऊ, ताक देते. चेष्टाच केली तिनं माझी, पण ताक दोनदा दिलं.

कोरीटकडे निघालेली एक रिकामी बैलगाडी मिळाली. गाडीवान माझ्याच वयाचा होता, अंगावर घोंगडी घेतलेला. इकडे घरोघरी अहिराणी बोलतात. शाळा-कचेरीपुरतीच आपली मराठी. कान जरा तिरका केला की समजते. कुणाकडे जायचं म्हणून त्यानं विचारलं आणि मी सुपडू पहिलवानाचं नाव सांगितलं. त्यानं बैलांना उगाच एक हाक दिली, मग म्हणाला, "त्याले लेवाले उनात का? तो आते जात नही." (त्याला न्यायला आलात का? तो आता जात नाही.)

मग वाटेत त्यानं सगळं सांगितलं. सुपडूच्या पाठची नव्हे, आधीची तीन भावंडं जन्मताच गेली होती. हे मूल तरी जगावं म्हणून आईनं त्याला सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. मरतुकडं पोर गावच्या आखाड्यात वस्ताद हिरामण आबांनी वाढवलं, दूध पाजलं, तालुक्यात नाव काढील असा गडी केला. आणि तोच एके दिवशी सुरतेला गेला आणि दोरात उतरला. आबा त्याच्याशी तेव्हापासून बोलले नव्हते. जो पडणं विकतो, तो कुणाला काय शिकवणार, असं ते म्हणायचे. आता आबांचे गुडघे गेले. आखाडा कुणाच्या हाती द्यायचा हा गावापुढे प्रश्न पडला. सुपडू दसऱ्याला घरी आला तो आबांच्या दारात जाऊन बसला आणि आखाडा मला द्या म्हणाला. आबांनी अट घातली: गावच्या यात्रेत खरी कुस्ती खेळ. पाठीला माती लागली नाही, तर आखाडा तुझा. लागली, तर पुन्हा आखाड्याची पायरी चढायची नाही.

यात्रा दुसऱ्याच दिवशी होती. समोर तापीपलीकडचा कळसाडीचा गुलाब पहिलवान होता. तरणाबांड, वर्षभर एकही कुस्ती न हरलेला. मी गाडीवानाला विचारलं, गावाला काय वाटतं? तो म्हणाला, गावाला वाटतं, सुपडू पडेल. आणि नाही पडला तर काहीतरी लबाडी केली असेल.  उत्तरेला लांबवर सातपुड्याची निळी ओळ दिसत होती आणि माझ्या मनात एकच विचार होता, की या खांद्यानं तो गुलाबापुढे टिकणार नाही.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पडला म्हणजे परवा माझ्याबरोबर गाडीत बसेल.

सुपडूचं घर मातीच्या धाब्याचं (सपाट छपराचं), दारात गव्हाणी. मला बघून तो हसला नाही की उठला नाही. तेल लावलेला खांदा त्यानं घाईनं उपरण्याखाली झाकला. "कसाले उना रे भो?" (कशाला आलास रे भाऊ?) एवढंच बोलला. मी शेठचं बोलणं सांगितलं, माझं सांगितलं. माझंही वय होत आलंय, नव्या जोडीदाराशी मला शेठ उभा करणार नाही, तू नसलास तर मी कुणाचा? तो सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "तुन्हा संगे लई फिरनू. आते माले मातीमा मरनं शे." (तुझ्याबरोबर खूप फिरलो. आता मला मातीत मरायचं आहे.)

त्याच्या बायकोनं, सुकमावहिनीनं, खापरावरचे मांडे केले होते. पालथ्या खापरावर ती पुरण भरलेली पोळी हातांवरच इतकी मोठी करून टाकत होती की मी बघतच राहिलो. जेवताना तिनं मला आग्रह केला आणि नवरा हात धुवायला उठला तेव्हा हळूच म्हणाली, की भाऊ, त्यांना रोज सकाळी सदऱ्यात हात घालायला मी लागते. उद्या तुम्ही तिथं जवळ बसा. मी बसतो म्हटलं. जवळ बसून मी काय करणार होतो, ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच गाव भरलं. शहाद्याकडचे लोक तापी ओलांडून आले, डोंगरातली मंडळी ढोल आणि बासऱ्या घेऊन आली. रेवड्या, गोडीशेव, बांगड्या, मातीची भांडी. आखाडा गावाच्या टोकाला एका मोठ्या निंबाखाली होता. गुडघ्याएवढा खड्डा, त्यात ताक, तेल आणि हळद घालून भिजवलेली, लोण्यासारखी मऊ माती. पुरुष काठावर बसलेले आणि बायका आसपासच्या धाब्यांवर. काठाला बाजेवर हिरामण आबा बसले होते. पांढरं पागोटं, गुडघ्यांना फडकी बांधलेली, आणि मांडीवर आडवं ठेवलेलं एक जुनं फावडं. आखाड्याची माती रोज त्या फावड्यानं खणायची आणि ते फक्त वस्तादानंच धरायचं, असा तिथला रिवाज. ज्याच्या हाती फावडं, त्याचा आखाडा.

मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी काठापासून दूर होतो म्हणून वहाणा पायातच होत्या. ते फक्त "बठ" म्हणाले.

कुस्त्या लावायची इथली रीत मात्र मला नवी होती. आमच्याकडे पंच जोड बघून कुस्ती ठरवतात. इथं ज्याला लढायचं असेल तो तळवा पुढे करून काठाकाठानं फिरतो. ज्याला त्याच्याशी लढायचं असेल त्यानं त्या तळव्यावर हात ठोकायचा. ठोकला की जोड ठरली. मग वजन कमी असो, मन बदललेलं असो, काही चालत नाही. सकाळीच एक डोंगराकडचा सडपातळ गडी गमतीगमतीत एका रेड्यासारख्या पहिलवानाच्या हातावर ठोकून बसला. लोक हसले, तोही हसला. पण आबांनी बोटानं खूण केली आणि त्याला लंगोट लावून उतरावंच लागलं. पडला बिचारा, पण तिथपर्यंत त्या रेड्याला त्यानं घाम फोडला. मीही टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला काय ठाऊक, की हे पाहून ठेवायला हवं होतं.

दुपार कलली तसा सुपडू तळवा पुढे करून आखाड्यात फिरू लागला. कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, किती दिले रे शेठनं? सुपडूनं ऐकलं, पण फिरत राहिला. गुलाबानं हात ठोकला तेव्हा मात्र सगळी यात्रा ओरडली.

मी काठावर अगदी पुढे, वहिनीला कबूल केल्याप्रमाणे जवळ बसलो होतो, वहाणा काढायचं विसरूनच.  हा पडावा म्हणून आलेला माणूस मी, आणि माझे तळवे भिजले होते.

सुरुवात सुपडूनं बरी केली. गुलाबाला तो अंगाला लागू देईना. तरणा गडी घाईला आला, चुकला, सुपडूनं वाकून त्याचे पाय ओढले, पट काढला आणि जवळजवळ खाली घेतला. धाब्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मग गुलाबानं मान सोडवली, मागे गेला आणि सुपडूला पालथा पाडून पाठीवर बसला. आता त्याचा हात सुपडूच्या डाव्या काखेतून आत शिरला. त्याला खांद्याचं काही ठाऊक नव्हतं. नेहमीचाच डाव करत होता तो. पण मला दिसलं. सुपडूच्या ओठांचा रंग गेला. त्यानं मान वळवली, डोळे मिटलेलेच होते, आणि त्याचा उजवा हात मातीवरून सरकत काठाकडे आला. तळवा वर.

माझ्या हाताखाली.

मी ठोका दिला.

काय करतोय हे मला कळलं तेव्हा मी खड्ड्यात उभा होतो, गुलाबाला खांद्याला धरून बाजूला ढकललं होतं, आणि पायात वहाणा तशाच. त्या मातीत, वहाणा.

आधी कुणाला काही समजलंच नाही. मग जो गलका उठला! कळसाडीची माणसं काठावरून खाली उतरली, दोघं एकावर म्हणून ओरडू लागली. कुणीतरी माझा फेटा ओढला. कोरीटचे लोक तर त्याहून संतापलेले. दोरातले हे, नाटकवाले, गावाचं नाक कापलं यांनी. सुपडू मातीत गुडघ्यावर बसला होता. माझ्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, अरे काय केलंस. रागानं नाही म्हणाला, तेच मला जास्त लागलं.  त्याचा हात पसरला होता आणि माझा गेला होता. दुसरं काहीच नव्हतं त्यात, पण हे त्या यात्रेला कोण पटवणार?

आबांनी फावड्याचा दांडा बाजेवर आपटला, दोनदा. सगळे गप्प झाले.

गुलाबाला त्यांनी जवळ बोलावलं, मानाचा नारळ आणि पागोटं त्याला दिलं, आणि नियम आमच्या बाजूनं मोडला म्हणून कळसाडीच्या पंचांपुढे हात जोडले. ती माणसं थंडावली. मग आबांनी मला जवळ बोलावलं. आधी म्हणाले, "वहान काढ." मी काढल्या. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता बोलले.

"यानी हात पसारा, यानी ठोका. आमना आखाडामा ठोकेल हात मांगे लेतस नही. सुपडूनी पाठ आजून कोरी शे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आते तू लढ."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. गाडीवान मागेच उभा होता. त्यानं समजावून सांगितलं. हात ठोकलास, म्हणजे सुपडूशी तुझी जोड ठरली. त्याच्या पाठीला माती लागलेली नाही, तेव्हा आखाड्याचा निकाल आता तुझ्याशी लढून होणार.

काठावरून कुणीतरी खदाखदा हसलं. घ्या, म्हणे, आता नूरा कुस्ती बघा (म्हणजे आधी ठरवून खेळलेली, खोटी). आणि तिथंच माझ्या ध्यानात आलं, की म्हाताऱ्यानं आम्हा दोघांना कुठं आणून उभं केलं आहे. मी सुपडूला पाडलं, तर तो आखाड्याला मुकला. मी पडलो, तर कोण खरं मानणार? ज्या दोघांनी जन्मभर ठरवून कुस्त्या केल्या, त्यातला एक दुसऱ्यासाठी आडवा झाला, एवढंच लोक म्हणतील. मग फावडं हातात येऊनही त्या आखाड्यात एक पोर शिकायला येणार नाही.

मी कुणाचा तरी लंगोट मागून घेतला. मातीत उतरलो, वाकून माती कपाळाला लावली. इतक्या वर्षांत मातीला हात लावला नव्हता.  आमच्या गावच्या तालमीचा तोच वास, फक्त हळद जास्त.

आम्ही एकमेकांसमोर उभे राहिलो. एवढी गावं फिरलो, एका ताटात जेवलो, पण समोरासमोर कधी उभे राहिलो नव्हतो. त्याच्या मानेवरचा तीळ मी समोरून पहिल्यांदाच पाहिला. हात मिळवले. सुरुवातीला मी धरलं ते लोकांना दिसण्यापुरतं. उजवीकडून. डाव्या खांद्याकडे माझा हात जाईच ना. एकदा जागा आयती मिळाली, तरी मी ती सोडली. काठावर कुजबुज सुरू झाली. मी आबांकडे पाहिलं. ते बाजेवरून पुढे झुकले होते आणि माझ्या हातांकडे बघत होते, सुपडूकडे नाही. त्यांना समजलं होतं.

मानेला मान भिडली तेव्हा सुपडू माझ्या कानात बोलला. दम लागलेला होता, पण शब्द अगदी स्पष्ट.

"खांदा धर. नहीते लोके मानतीन नही."

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "धर. मन्ही आण शे तुले." (माझी शपथ आहे तुला.)

मग मी धरला. देवाशपथ सांगतो, माझ्या हातून असं निर्दय काम दुसरं झालं नाही. मी त्याला खाली घेतलं, डाव्या काखेत हात घातला आणि सगळं वजन त्या खांद्यावर टाकलं. आतून कट्ट असा आवाज आला. काठावरच्या लोकांनीही ऐकला असावा, कारण कुजबुज बंद झाली. सुपडूच्या घशातून एक कण्ह निघाला आणि त्याचा उजवा हात पुन्हा मातीवर सरकला. तळवा वर. सवयच ती. पण आता बाहेर कुणी नव्हतं. ज्यानं ठोका द्यायचा तो त्याच्या पाठीवर बसला होता.

हात तसाच पसरलेला राहिला, दोन श्वास. मग सुपडूनं मूठ मिटली आणि हात मागे घेतला.

मी त्याला उलटवायला जोर लावला. खरा जोर, काही राखून ठेवलं नाही. आणि त्या जोराबरोबर तो माझ्याच बाजूला आला, गुडघा माझ्या पोटाखाली घातला आणि दुखऱ्या खांद्यावर मला घेऊन उठला. कलाजंग. त्यानं तो डाव फळी मोडल्यापासून एकदाही केला नव्हता. करू शकत नाही असं मीच शपथेवर सांगितलं असतं. माझे पाय जमिनीवरून सुटले, निंबाच्या फांद्या दिसल्या, आणि मग पाठीला माती लागली. दोन्ही खांदे. गार, मऊ माती. मी उठायचा प्रयत्न केला. त्यानं छातीवर अंग टाकून मला तसंच दाबून धरलं. त्याचं रडणं मला बरगड्यांत जाणवत होतं. लोकांना वाटलं धापा टाकतोय.

टाळी लगेच नाही वाजली. सगळे आबांकडे बघत होते. दोघांनी धरून त्यांना खड्ड्याशी आणलं. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "तू त्याले सोडी दिन्हं का?" (तू त्याला सोडून दिलंस का?)

 सुपडूचा डावा हात लोंबत होता. मी त्याला वळवून खांदा आबांपुढे केला. माझ्या पाचही बोटांचे वळ काळेनिळे उमटले होते आणि हाड वर आलं होतं. आबांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग मागे वळून बाजेवरचं फावडं मागितलं आणि सुपडूच्या उजव्या हातात दिलं. तेव्हा जे ढोल वाजले ते यात्रा उठेपर्यंत थांबले नाहीत. गुलाब पहिलवानानं येऊन सुपडूचे पाय धरले आणि मानाचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं. मीही पाय धरावेत असं मनात आलं, पण आमच्यात तसलं काही नव्हतं. मी त्याला पाणी दिलं.

सकाळी निघायच्या आधी आखाड्यावर गेलो. हात गळ्यात बांधून सुपडू एकाच हातानं फावडं मारत होता. एक घाव, मग थांबणं, मग दुसरा घाव. काठावर चार-सहा माणसं बसली होती. माझ्या हातांना नुसती खाज सुटली होती; अर्ध्या घटकेत मी ती माती उलथून दिली असती. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात काखेत दाबून बसून राहिलो आणि सगळी माती खणून होईपर्यंत तसाच बसलो.

सुकमावहिनीनं वाटेसाठी भाकरी, ठेचा आणि बिबड्या (ज्वारीचे पापड) बांधून दिल्या. ती ओट्यावरून उतरून गाडीपर्यंत आली. सुपडूला निरोप देताना मी उगाच हात पुढे केला. तो हसला. या गावात ठोकत नाही बाबा, म्हणाला, पुन्हा उतरावं लागेल. मग त्यानं चांगल्या हातानं मला पोटाशी धरलं आणि आम्ही दोघंही बायकांसारखे रडलो. गाडीवान बैलांची शिंगं पुसत दुसरीकडे बघत होता.

परतीच्या गाडीत नवापूरपर्यंत मला झोप लागली. पाठीवरची माती मी धुतली नव्हती. सदऱ्याच्या आत ती वाळून टोचत होती. आपल्याकडच्या वाचकांना वाटेल, पहिलवान हरला आणि एवढा लांबलचक मजकूर काय लिहितोय. पण खोटं जिंकून जिंकून माणसाला आपण कुठं संपतो हेच कळेनासं होतं. मी कुठं संपतो ते मला कोरीटला कळलं, आणि सांगायला लाज वाटत नाही, फार हलकं वाटलं.

सुरतेला उतरलो तो थेट शेठकडे. तो नव्या जाहिरातीचा कागद समोर घेऊन चहा पीत होता. मी एकटाच दिसल्यावर त्यानं कप खाली ठेवला. मी म्हटलं, सुपडू येणार नाही. मला ठेवायचं तर ठेवा, नाहीतर मी गावाकडे जातो. पण आधी कागदावरचा तो 'अजिंक्य' शब्द खोडा.

"का? कुणी हरवलं तुला?"

"सुपडूनं."

शेठ हसायला लागला. म्हणाला, अरे वेड्या, तुला हरवायला तुझाच जोडीदार मिळाला?

"दुसऱ्या कुणाला ठाऊक होतो मी?" मी म्हटलं.

शेठनं हसणं थांबवलं. मग टाक उचलला आणि शब्द खोडला.